दुखण्याचे सोळा आणे

दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत, हे तुम्ही कधी मोजलंय? मी एका रिकाम्या दुपारी मोजायला घेतले. ठणका, कळ, चमक, उसण, सल, लचक, आग, ठुसठुस, कणकण, बोच... आणि क्रियापदं तर वेगळीच. पाठ भरून येते, कंबर धरते, अंग मोडून येतं, पोटरीत गोळा येतो, गुडघा कुरकुरतो, हाताला मुंग्या येतात. कॅनडातल्या रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली इंग्रजीतले असेच ७८ शब्द जमवून एक प्रश्नावली तयार केली. मॅकगिल विद्यापीठाच्या नावानं ती जगभर ओळखली जाते. आपल्याकडेही कुणी अशी यादी करायला बसलं, तर ऐवज कमी पडायचा नाही.

पण दवाखान्यात मात्र एकच प्रश्न असतो. "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"

हाच प्रश्न माझ्या थोरल्या वहिनीला विचारला गेला, तेव्हा मी शेजारीच होते. ती बराच वेळ गप्प बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, धा म्हंजी काय वो? मेल्यावर का?" समोरचा तरुण मुलगा हसला, आणि त्यानं स्वतःच्या मनानं सात लिहून टाकले. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "वयनी, खरं सांग, किती दुखतं?" तिनं क्षणात सांगितलं, "सकाळच्याला उठते तवा रुपयात बारा आणं. चाललं-फिरलं की आठ आणं. सांजच्याला परत चौदा."

बघा, किती नेमकं उत्तर! १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणे कागदोपत्री संपले. तेव्हा वहिनी जेमतेम चालायला लागली असेल. तिच्या हातून आण्यांत व्यवहार झालाच नाही, पण दुखण्याचा हिशेब मात्र तिच्या आईकडून तिच्यापर्यंत आण्यांतच आला. "गोळीनं चार आणे फरक पडला" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकलं असेल. मोजपट्टी नव्हती असं नाही. ती दवाखान्यातल्या कागदावर नव्हती, एवढंच.

माझं माहेर लोहगडवाडी. मळवली स्टेशनवर उतरायचं, भाजे गावातून वर चढायला लागायचं, लोहगड आणि विसापूरच्या मधल्या गायमुख खिंडीत दम घ्यायचा, आणि मग वाडी. आता गाड्या वरपर्यंत जातात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, त्यात लोहगड आहे. शनिवार-रविवारी पावसाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. पर्यटकाला किल्ला दिसतो, धुकं दिसतं, विंचूकाटा दिसतो. त्याच्या पानात पडणारी गरम भाकरी थापणाऱ्या बाईचे गुडघे दिसत नाहीत. त्यात त्याचा दोष नाही. गुडघे लुगड्याखाली असतात, आणि बाई बोलत नाही.

मी ६६ वर्षांची. बँकेतून निवृत्त झाले, चिंचवडला राहते, बिल्डिंगला लिफ्ट आहे. वहिनी सत्तरीची. जन्म मावळातला, सासर मावळातलं, आणि उभा जन्म भातखाचरात. गंमत म्हणजे दोघींचे गुडघ्याचे एक्स-रे शेजारी ठेवले तर सहज ओळखू येऊ नयेत. "गॅप कमी झालाय" हे शब्द दोघींनाही ऐकवले गेले. फरक आहे तो एक्स-रेच्या चौकटीबाहेर.

मला फिजिओथेरपीच्या बाईंनी एक छापील कागद दिला होता. पलंगावर झोपा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, खुर्चीत बसून पाय सरळ करा, रोज तीस मिनिटं सपाट रस्त्यावर चाला, कमोड वापरा, जमिनीवर बसू नका, ओझं उचलू नका, चढ-उतार टाळा. मला तो कागद फार उपयोगी पडला. तो माझ्याचसाठी लिहिलेला होता. माझ्याकडे पलंग आहे, खुर्ची आहे, सोसायटीभोवती सपाट रस्ता आहे, कमोड आहे.

वहिनीलाही एका दवाखान्यात जवळजवळ असाच कागद मिळाला. तो घेऊन ती लोहगडवाडीला गेली. आता तुम्हीच सांगा, लोहगडवाडीत सपाट रस्ता आणायचा कुठून? घराचा उंबरा ओलांडला की एकतर चढ नाहीतर उतार. चूल जमिनीवर, जमीन सारवायची बसून, भांडी घासायची उकिडवं बसून, निवडणं-टिपणं मांडी घालून. कागदावरच्या सगळ्या 'नका' पाळायच्या ठरवल्या तर त्या बाईनं जगायचंच थांबवायला हवं. तिनं कागद घडी घालून देव्हाऱ्यामागे ठेवला. टाकून दिला नाही, कारण डॉक्टरनं दिलेला होता. वाचलाही नाही, कारण तिला वाचता येत नाही.

मग राहिलं काय? सुई.

गावोगाव हेच चालतं. दुखायला लागलं की दवाखान्यात जायचं, 'सुई मारून' घ्यायची, दोन रंगांच्या गोळ्या घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी खाचरात. लावणीच्या दिवसांत तर सुई ही अवजारासारखीच एक गोष्ट होऊन बसते. या सुईत बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक असतं. हे नाव माझ्या लक्षात राहिलं ते गिधाडांमुळे. लहानपणी आमच्या कड्यांवर गिधाडं घिरट्या घालताना दिसायची. पुढे ती दिसेनाशी झाली. देशभरात गिधाडांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या, आणि कारण सापडलं ते २००४ च्या सुमारास. आजारी गुरांना डायक्लोफिनॅक टोचायचे, ती गुरं मेल्यावर गिधाडं खायची, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची इंजेक्शनंही फक्त तीन मिलिलिटरच्या एका मात्रेतच विकायची असा नियम झाला.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध योग्यच असतं, मीही घेतलंय. पण सत्तरीची बाई, त्यात ब्लडप्रेशरची गोळी चालू, उन्हातान्हात पाणी कमी पिणारी, आणि वर्षानुवर्षं मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या... अशा वेळी पोटातला अल्सर, वाढलेलं प्रेशर आणि मूत्रपिंडावरचा ताण हे खरे धोके आहेत. दोन वर्षांपूर्वी वहिनीच्या रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सुई बंद, त्या गोळ्याही बंद. घरी आल्यावर ती म्हणाली, "सुई बंद केली. आता दुखण्याचं काय करायचं, ते कुनी सांगितलंच न्हाई."

मला वाटतं, अख्ख्या विषयाचं मर्म या एका वाक्यात आहे.

याच सुमारास मी अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातल्या एका कामाबद्दल वाचलं. मिशिगन विद्यापीठातल्या मेरी जॅनेविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वयस्कर लोकांसाठी, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय, जुनाट दुखण्याशी स्वतःच्या हिमतीवर जमवून घेण्याचा एक सात आठवड्यांचा कार्यक्रम बेतला. छोटे व्हिडिओ, पावलं मोजणारा पट्टा, आणि दर आठवड्याला त्याच वस्तीतल्या एका आरोग्य कार्यकर्त्याचा फोन. औषध नवीन नाही, व्यायामही नवीन नाही. बेतलेली आहे ती फक्त पद्धत, त्या माणसांच्या मापाची.

हे करावं का लागलं? कारण त्या लोकांचं दुखणं पिढ्यान् पिढ्या कमी लेखलं गेलं. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली होती. 'काळ्या माणसांची कातडी जाड असते' अशा प्रकारच्या खोट्या समजुतींपैकी किमान एक तरी खरी वाटणारे जवळजवळ निम्मे निघाले. आणि ज्यांच्या मनात अशा समजुती जास्त, त्यांनी काळ्या रुग्णाच्या वेदनेला कमी गुण दिले. वाचून मला धक्का बसला, पण नवल वाटलं नाही. "ह्या बायकांना सवय असते हो कष्टाची," हे वाक्य मी आपल्याकडेही ऐकलंय. "गावची माणसं काटक." काटक म्हणजे काय, तर ज्याचं दुखणं विचारायची गरज नाही असा! तिथला इतिहास वेगळा, गुलामगिरीचा, वंशभेदाचा. त्याची आपल्याशी सरळ तुलना करू नये. पण जाड कातडी आणि काटक शरीर, हे दोन शब्द एकमेकांच्या नात्यातले वाटतात खरे.

आणि दुसऱ्या बाजूनं आपली माणसंही या समजुतीला हातभार लावतात. सोसणं हा आपल्याकडे दागिना आहे. आई सोसायची, सासू सोसायची. जी बोलून दाखवते ती 'कुरकुरी'. पुणे जिल्ह्यात, मुळशीकडच्या गावांतून वगैरे, हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या संग्रहात. बाईनं मनातलं बोलायची जागा कुठली होती, तर पहाटेचं जातं. दगडापाशी बोलायचं, माणसापाशी नाही. जाती गेली, गिरण्या आल्या. कष्ट थोडे कमी झाले, पण बोलायची ती जागाही गेली.

आपल्याकडे या दुखण्याची मोजदाद झालेलीच नाही असं मात्र नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसं तपासली, आणि त्यातल्या सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू किंवा हाडांचं दुखणं होतं. म्हणजे साधारण साडेपाच माणसांमागे एक. साखर आणि प्रेशर मोजायला गावात यंत्रं पोचली, पण पाचातल्या या एकाचं दुखणं मोजायला, त्याच्याशी बोलायला कुणाला वेळ आहे?

असो. मुद्द्यावर येते. गेल्या वर्षभरात वहिनी आणि मी मिळून काय केलं, ते सांगायचंय.

पहिली गोष्ट म्हणजे तो देव्हाऱ्यामागचा कागद आम्ही बाहेर काढला. माझ्या फिजिओथेरपीच्या बाईंना फोन लावला आणि एकेक ओळ वाडीच्या भाषेत लावून घेतली. कुठलीही गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय बदलली नाही, हे आवर्जून सांगते.

'खुर्चीत बसून पाय सरळ करा' याचं झालं 'ओट्याच्या कडेला बसून पाय सरळ करा, पाच नामं घेईस्तोवर धरून ठेवा'. सेकंद मोजणं वहिनीला परकं होतं, नाम घेणं परकं नव्हतं. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो, हे तिला पटवायला बाईंनी एक छान दाखला दिला. मेढी खिळखिळी झाली तरी तणावे घट्ट असले की मांडव पडत नाही. वहिनीनं लगेच मान डोलावली. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, हालचालीनं सांध्यातलं पाणी आत-बाहेर होतं त्यावरच ती जगते, हेही त्यांनी सांगितलं. "म्हंजी बसून ऱ्हायलं की वाळती," वहिनी म्हणाली. अगदी तेच.

'उकिडवे बसू नका' यासाठी घरातच थोडी मोडतोड करावी लागली. भाच्यानं चुलीखाली विटांचा कमरेइतका ओटा बांधून दिला. आता भाकऱ्या उभ्यानं थापता येतात. रविवारी पर्यटक आले की चाळीस-पन्नास भाकऱ्या होतात, त्या एका बैठकीत न करता दोघी सुनांमध्ये वाटून घेतल्या. भांडी घासायला उंच तिवई. संडासात प्लॅस्टिकची खुर्ची, मधोमध भोक पाडलेली. याला तिनं सगळ्यात जास्त विरोध केला. लोक काय म्हणतील! महिन्याभरानं शेजारची म्हातारी तीच खुर्ची बघायला आली, आणि कुठून आणली म्हणून विचारून गेली.

शेकण्याबद्दल तिला काही शिकवायची गरजच नव्हती. निर्गुडीचा पाला उकळून त्या पाण्याचा शेक, तव्यावर तापवलेल्या खड्या मिठाची पुरचुंडी, हे तिचं पूर्वापार चालत आलेलं. ते तसंच ठेवलं. ऊब दिल्यानं आखडलेले स्नायू सैल होतात, त्यात भांडण्यासारखं काही नाही. बंद केल्या त्या दोन गोष्टी, बिब्बा लावणं आणि डाग देणं. त्यानं कातडी भाजते, जखमा चिघळतात. आणि तिसरी, बाजारात बिनचिठ्ठीनं मिळणारी 'देशी' पुडी. अशा पुड्यांमध्ये कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस जादू झाल्यासारखं वाटतं, आणि मग साखर, हाडं, सूज असं सगळं भोगावं लागतं. आपल्या परंपरेतलं सगळं फेका असं कुणी म्हटलं असतं तर वहिनीनं कुणाचंच ऐकलं नसतं. सगळं चांगलं असं म्हटलं असतं, तर मूत्रपिंडांनी ऐकलं नसतं.

सगळ्यात अवघड गेली ती मात्र एकच गोष्ट. काम तोडून तोडून करणं.

जुनं दुखणं असलेल्या प्रत्येकाला हे चक्र माहीत असेल. एखाद्या दिवशी बरं वाटतं, त्या दिवशी साठलेलं सगळं काम उरकून घ्यायचं, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. मग परत बरं वाटतं, परत तेच. उपाय म्हणजे बरं वाटलं तरी थांबायचं, आणि दुखलं तरी थोडं हलायचं. घड्याळ लावून. पण खाचरात घड्याळ कोण लावणार? आणि मुख्य म्हणजे, इतर बायका वाकलेल्या असताना आपण उभं राहायचं म्हणजे कामचुकारपणा! "लोकं म्हनतील, म्हातारी आळशी झाली." हे तिचं उत्तर, आणि त्यावर माझ्याकडे काही तोड नव्हती.

तोड निघाली वारीतून. वहिनी तरुणपणी तीनदा पायी पंढरपूरला जाऊन आलीय. एकदा बोलता बोलता मी सहज विचारलं, "वयनी, एवढं अंतर तू चाललीस कशी गं?" ती म्हणाली, "चालते कोन? इसावं असत्यात की. पालखी इसाव्याला थांबती, मग समदी थांबत्यात." आणि बोलता बोलता ती स्वतःच थांबली. आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तीन आठवड्यांच्या आतबाहेरचा प्रवास. त्यात सकाळची न्याहारी, दुपारचा विसावा, रात्रीचा मुक्काम सगळं आधीच ठरलेलं असतं. कुणी दमलं म्हणून पालखी थांबत नाही, आणि दम आहे म्हणून पुढेही पळत नाही. ठरल्या जागी थांबते. माउलींची पालखी विसावा घेते, तिला कुणी आळशी म्हणत नाही!

त्या दिवसापासून आमच्या घरात 'विश्रांती' हा शब्द बंद झाला. 'विसावा' म्हणायचं. लावणीला एक गाणं संपलं की विसावा. उभं राहायचं, हात कमरेवर ठेवायचे, हळूच मागे वाकायचं, चार श्वास घ्यायचे. गाणं नसेल तर एक पट्टा लावून झाला की विसावा. पहिल्या दिवशी ती एकटी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बांधावरच्या दोघी. आठवड्यानं सगळ्या. त्या तरुण पोरींच्याही कमरा दुखत होत्याच की, फक्त त्या म्हातारीनं आधी उभं राहायची वाट बघत होत्या.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं कृपया समजू नका. मी पाठवलेले व्यायामाचे व्हिडिओ तिनं एकदाही पाहिले नाहीत. त्यातली घट्ट कपडे घातलेली गोरीपान मुलगी चटईवर पाय वर करत होती. वहिनीनं फोन सुनेकडे देऊन टाकला. लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे, स्वामी कुवलयानंदांनी योगाचा शास्त्रीय अभ्यास तिथे सुरू केला, लोक देशविदेशातून येतात. वाडीपासून ते काही फार लांब नाही, पण वहिनीच्या लेखी ते 'मानसांचं' आहे, म्हणजे शहरातल्या माणसांचं. घरात एकटीनं हातपाय हलवायची तिला लाज वाटायची. शेवटी एकादशीला देवळात भजनाला जमणाऱ्या बायकांमध्ये भजनाआधी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून करायचं ठरलं. गावातली आशाताई मधूनमधून येते, प्रेशर बघते, कोण सुई मारून आलं त्याची चौकशी करते, चार शब्द रागावते. डेट्रॉईटमधला तो फोन करणारा कार्यकर्ता आणि आमची आशाताई, दोघांचं काम शेवटी एकच. रुग्णासारखंच बोलणारं, त्याच रस्त्यानं चालणारं माणूस.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या केट लॉरिग या परिचारिकेनं १९७० च्या दशकाच्या अखेरीला संधिवाताच्या रुग्णांसाठी असे वर्ग सुरू केले होते. शिकवायला डॉक्टर नाहीत, तोच आजार असलेली साधी माणसं. त्यांना पुढे एक मजेशीर गोष्ट आढळली. कुणी किती व्यायाम केला यापेक्षा 'मला हे जमतंय' हा विश्वास ज्यांच्यात वाढला, त्यांना जास्त बरं वाटलं. मला हे आधी थोडं भोंदूपणाचं वाटलं होतं. पण दुखण्याच्या अभ्यासकांची जी जागतिक संघटना आहे, तिनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, त्यातही म्हटलंय की वेदना हा शरीर, मन आणि समाज या तिन्हींनी घडणारा व्यक्तिगत अनुभव आहे, आणि कुणी 'मला दुखतंय' म्हटलं तर त्याचा मान राखावा. मान राखावा! किती साधी गोष्ट, आणि त्यासाठी केवढी मोठी समिती.

आता हिशेब. दुखणं गेलेलं नाही, जाणारही नाही. झिजलेली कूर्चा परत येत नाही. वहिनीच्या शब्दांत, "बाराचं आठ झालं, आन् आठात संसार व्हतोय." वजन तीनेक किलोनं उतरलं. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं हलका होतो म्हणतात, तेव्हा हेही थोडं नाही. सुई वर्षभरात एकदाही नाही. क्रिएटिनिन वाढायचं थांबलंय, पूर्ववत झालेलं नाही. फार दुखलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल, तीही मोजून. आणि एक यादी आशाताईनं सगळ्यांकडून पाठ करून घेतलीय, ती इथेही देते. सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना, पायातली शक्ती गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, किंवा कारण नसताना वजन घटायला लागलं, तर विसावा-बिसावा काही नाही, तडक दवाखाना गाठायचा.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. यंदा पोरांनी तिला सांगितलं, "आई, आता लावणी बास. मजूर लावू, नाहीतर खाचर पडीक राहू दे." पोरं वाईट नाहीत, चाकणला कंपनीत आहेत, त्यांना आईची काळजी आहे. खाचराच्या जागी पर्यटकांसाठी तंबू लावले तर पैसाही जास्त. तब्येतीच्या हिशेबानं तेच बरोबर असेल. पण त्या खाचरात इंद्रायणी पिकतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये हा वाण बाहेर पडला, आणि त्यानंतरच्या वर्षांत वहिनीनं तो पहिल्यांदा लावला तेव्हा आजूबाजूला कुणी लावला नव्हता, असं ती अभिमानानं सांगते. तिच्यासाठी लावणी म्हणजे कष्ट, आणि लावणी म्हणजेच ती स्वतः. ती न लावता बांधावर बसली तर गुडघे दोन आणे कमी दुखतील, पण बाकीचं काय? त्याचे आणे कोण मोजणार?

तिनं तूर्त मधला मार्ग काढलाय. चिखलात उतरायचं नाही, बांधावर तिवई टाकून रोपांच्या मुठी बांधून द्यायच्या, आणि कुणी विसावा चुकवला तर वरून ओरडायचं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

तुमच्या घरातही असं कुणीतरी असेलच. आई, सासू, काका, शेजारच्या आजी. आपण त्यांना विचारतो, "दुखतंय का?" आणि ते म्हणतात, "चालायचंच." संवाद तिथेच संपतो. मी आताशा दुसरा प्रश्न विचारायला लागलेय. दुखण्यामुळे तुमचं काय करायचं राहून गेलं? विचारून बघा एकदा. उत्तर यायला वेळ लागेल, पण ते 'सात' किंवा 'आठ' असं नसेल. कुणाचा देवळाचा कट्टा राहिलेला असेल, कुणाचं नातवाला उचलून घेणं. औषधोपचाराची सुरुवात तिथून करायला काय हरकत आहे?